मामांचं लढाऊ विमान

जिंतूर तालुक्यात कुणाचंही न ऐकणाऱ्या माणसांची यादी काढली, तर पहिलं नाव माझ्या सासऱ्यांचं निघेल, आणि दुसऱ्या क्रमांकावर दुसऱ्या कुणाला घातलेलंही ते खपवून घेणार नाहीत. जन्मभर त्यांनी लाल बस चालवली. त्या काळात त्यांनी कंडक्टरचं ऐकलं नाही, रस्त्याचं ऐकलं नाही, आणि गाडीचं ऐकलं ते फक्त ती बंद पडल्यावर. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, दोन्ही बाजूंचं दिसेना. मग त्यांच्याकडून गाडी काढून घेतली आणि डेपोत टेबलापाशी बसवलं. त्या दोन वर्षांबद्दल ते बोलत नाहीत. सासूबाई सांगतात, तेव्हा जेवायला बसल्यावरसुद्धा त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असायचा.

हे गृहस्थ आता लढाऊ विमान चालवतात. मेव्हणा नोकरीला हैदराबादला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर, विमानाच्या खेळाचा दांडा, सगळं जिंतुरातच राहिलं. मामा (आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात) पहिल्या आठवड्यात त्याची धूळ पुसायचे. दुसऱ्या आठवड्यात उडायला लागले. उडण्याआधी खाकी शर्ट घालतात, खुर्चीची गादी झटकतात, दांड्याला नमस्कार करतात आणि मग 'गाडी सोडतात'. आकाशात उजवीकडे वळताना त्यांचा हात सवयीनं खिडकीबाहेर जातो. तिथे खिडकी नसून सासूबाईंचं लोणच्याच्या बरण्यांचं फडताळ आहे. दोन बरण्या गेल्यावर सासूबाईंनी फडताळ हलवलं. मामांनी हात आवरला नाही.

मी परभणीहून दर रविवारी जातो तेव्हा जेवण झालं की मला शेजारी बसवून रडार शिकवतात. रडारच्या पद्धतींची इंग्रजी नावं त्यांनी कधीच मोडीत काढली. लांबवर चहूकडे शोधणारी ती 'तलाश'. दोन-चार विमानांवर एकदम नजर ठेवणारी ती 'पाळत'. आणि एकालाच धरून ठेवणारी ती 'गचांडी'.

"गचांडी लय मजबूत," ते सांगतात, "पण गचांडी धरली की समोरच्याला कळतंयच की. त्याच्या विमानात घंटी वाजती. मग तो पळतो. म्हणून लांबनं धरायची न्हाई. लांबनं नुसती पाळत ठेवायची."

"आणि मामा, रडारला बाजूचं दिसतं का?" मी एकदा बेसावधपणे विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "माझ्यावानीच हाय ते. पुढचंच दिसतंय त्याला. मान आपण फिरवायची, वर-खाली आपणच करायची. कुणी त्याला टेबलापाशी बसवलंय का?"

ते इंटरनेटवरून ज्या चौघांच्या तुकडीत खेळतात, तिचा म्होरक्या पुण्याचा एक इंजिनिअर आहे. पोरगा सभ्य, पण हिशोबी. त्यांच्या सामन्यात शत्रूला पाडून भागत नाही, तुकडीतलं एक तरी विमान धड परत उतरावं लागतं. मामांचं उतरायचं नाही. मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी, सामन्याच्या आधी, तो स्पीकरवर म्हणाला, "काका, राग मानू नका. शत्रूपेक्षा तुम्ही धावपट्टीवर जास्त विमानं फोडलीत. आज तुम्ही बसून बघा."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"बसून बघायचं मी दोन वर्षं केलंय," ते म्हणाले. "आज मी गाडी सोडणार हाय. तुमाला यायचं तर या."

गाडी सोडली. तिघा पोरांनी लांबूनच गचांड्या धरल्या. समोर तीन घंट्या वाजल्या, चौघे पांगले, आणि पाच मिनिटांत आमचे तिघे खाली. शत्रूचे दोन उरले. मामांनी 'तलाश' लावून रडारची मान खाली केली. एक जण डोंगराच्या कडेनं, अगदी जमिनीलगत येत होता. पाळतीवर ठेवून मामांनी क्षेपणास्त्र सोडलं. त्याला कळेपर्यंत उशीर झाला होता. दुसरा हुशार निघाला. तो डोंगरातल्या घाटात आडवा वळला, आणि आडवं जाणारं विमान रडारला धरता येत नाही, म्हणून पडद्यावरून पुसला गेला.

"गेला, काका," म्होरक्या म्हणाला.

"जातोय कुठं? आडवा किती येळ चालंल? घाटातनं बाहेर निघायचंच हाय त्याला." मामा घाटाच्या तोंडाशी जाऊन घिरट्या घालू लागले. तो निघाला, आणि तेव्हा, अगदी जवळून, मामांनी गचांडी धरून त्याला पाडलं.

स्पीकरमधून तिघे ओरडत होते. मामा मात्र घामानं भिजले होते. आता उतरायचं होतं. समोर धावपट्टीचा तुकडा दिसे, तिच्या कडा दिसत नव्हत्या. मी तोंड उघडलं की ते दरडावत, त्यामुळे मी गप्प होतो. विमान खाली येत राहिलं. मग पडद्यावरची नजर न हलवता, मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "जावईबापू, डावीकडं काय दिसायलंय, सांगा."

मी सांगत गेलो. थोडं उजवीकडे. अजून थोडं. आता सरळ. एक चाक मोडलं, पण विमान धड उतरलं.

"काका," म्होरक्या म्हणाला, "पुढच्या रविवारी दोन वाजता."

"पावणेदोनला," मामा म्हणाले. "उशिरा येणाऱ्याला सोडून गाडी जाईल."

सासूबाई पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. आत येऊन त्यांनी मामांसमोर चहाचा कप ठेवला, तोही बरोबर मध्यभागी, त्यांना दिसेल असा.

डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. हल्ली मला धावपट्टीच्या जोडीला रडारवरचे कडेचे ठिपकेही वाचून दाखवावे लागतात, आणि दर रविवारी ती कड जराशी आत सरकलेली असते. दांड्याला मात्र मामा अजून मला हात लावू देत नाहीत. मीही मागितलेला नाही.