काकूंचं मऊ शिसं

काकूंच्या हातात काही आलं की आधी त्याला अंगठ्याचं नख लागायचं. मग ते दुकानातलं फळ असो, पाव असो, नाहीतर माझ्या मुलीचा नवा खोडरबर. "नखाला विचारावं," हे त्यांचं ठरलेलं. मी लाजेनं अर्धमेली व्हायचे. जपानमध्ये फळं अशी दाबून बघत नाहीत हो.

तुमच्या ओळखीतही अशी एखादी काकू असेलच. आमची मात्र शिसं वितळवायची.

टोकियोच्या कोतो भागात आमच्याच इमारतीत त्या लेकाकडे राहायला आल्या होत्या. लेक-सून दिवसभर तोयोसूच्या ऑफिसात, आणि नातू विचारलं मराठीत तरी उत्तर देणार जपानीत. कंटाळून त्या कालव्यावर जाऊ लागल्या आणि तिथल्या मासे पकडणाऱ्या म्हाताऱ्यांत सामील झाल्या. स्वतः मासा तोंडात घालत नसत, पकडलेले सगळे माझ्या घरी! सगळ्यांशी बिनधास्त मराठीत बोलायच्या. तेही त्यांना 'काकूसान' म्हणायचे. दर रविवारी दुभाषी म्हणून माझी वरात त्यांच्यामागे.

गळ पाण्यात खाली बसावा म्हणून दोरीला शिशाचा बारीक मणी लावतात. मण्याला चीर असते. तिच्यात दोरी घालून बोटांनी दाबली की झालं. हे मणी विकत आणलेले काकूंना बघवेनात. त्यांच्या वडिलांचा पुण्यात छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, ओतायचा कारखाना होता, सगळं लहानपण शिशाच्या कढईशेजारी गेलेलं. होड्या भाड्यानं देणाऱ्याच्या अंगणात त्यांनी शेगडी मांडली आणि गॅरेजमधून मोटारीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी, कडक शिशाची वजनं मिळवली. मणी ओतला की गरम असतानाच थंड पाण्यात टाकायचा, म्हणजे आणखी कडक. "आमच्या खिळ्यांना नख लागत नसे," हे वर अभिमानानं. मणीही तसेच झाले, दाबायला पक्कड लागायची. म्हातारे कौतुकानं माना डोलवायचे, गुपचूप पक्कड वापरायचे आणि तक्रारीचा शब्द काढायचे नाहीत.

त्यांच्यातल्या एका आजोबांचा हात आजारपणानंतर थरथरायचा. एका रविवारी पक्कड सारखी निसटायला लागली, तेव्हा काकूंनी सहज मणी त्यांच्या हातातून घेतला आणि लावून दिला. आजोबा वाकून वाकून आभार मानत राहिले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. नंतरही नाहीत.

होडीवाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, दुसऱ्याला आपला त्रास झालेला त्यांना सहन होत नाही, म्हणून आता ते घरीच बसतात. मी काकूंना सांगितलं.

"म्हणजे मी मदत नाही गं केली. घरी बसवलं त्यांना." डोळे भरले होते त्यांचे. मलाही भरून आलं.

मग बाईंनी जन्माचा हेका सोडला. चाकांची वजनं बाद. होडीवाल्यानं एका पाडलेल्या घराच्या नळाचं निव्वळ मऊ शिसं आणून दिलं. पाण्यात टाकणं बंद, साच्यातच निवू द्यायचं. पण अगदीच मऊ मणी दोरीवरून घसरायला लागले. मग जुन्यातलं चिमूटभर कडक शिसं घालून पुन्हा वितळवा, पुन्हा ओता, पुन्हा नख लावा. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीनं मणी दाबला गेला आणि दोरीवर टिकलाही, तेव्हा कुठे त्या हसल्या.

नवे मणी त्यांनी सगळ्यांना वाटले. आजोबांना होडीवाल्याकरवी पुडी गेली आणि निरोप गेला की सगळ्यांनाच दिलेत, वापरून कसे वाटतात ते कळवा. मत मागितल्यावर आजोबांना येणं भागच होतं.

ते आले. मणी दोरीवर बसवायला लागले, तेव्हा आम्हा सगळ्यांना अचानक पाण्यात बघण्यासारखं खूप काही सापडलं. वेळ लागला, पण मणी मिटला. थोड्याच वेळात बोटाएवढा मासा लागला आणि आजोबा लहान पोरासारखे हसले. इतका आनंद मला माझ्या प्रमोशनचाही झाला नव्हता.

काकू उठल्या. या बाईनं आयुष्यात कधी कुणाला डब्याचं झाकणसुद्धा उघडू दिलं नसेल. त्या आपली दोरी घेऊन आजोबांसमोर उभ्या राहिल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "एवढा लावून द्या हो. मला जमत नाहीये."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर आजोबांनी हात पुढे केला होता.

काकू आता पुण्याला परत गेल्यात. जाईपर्यंत दर रविवारी त्यांचा मणी आजोबाच लावायचे, आणि तेवढा वेळ काकू निमूट उभ्या असायच्या.