पफरचा श्रावण

आमच्या चारकोपच्या घरात टाकीत एक पफर मासा आहे. आईच्या भाषेत केंड. त्याचे दात जन्मभर वाढतात, शिंपल्या फोडून फोडून झिजवावे लागतात. म्हणून दर रविवारी आई आमच्या जेवणासाठी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्याच, आणताना त्याच्याही आणायची, त्यातल्या टपोऱ्या त्याला.

मग आला अधिक श्रावण. सलग दोन महिने घरात मासळी शिजणार नाही, येणारही नाही. पफरला भिजवलेले दाणे. त्याला कवच लागतंच, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्याची वकिली करायला गेलो असतो तर आई म्हणाली असती, तुकाच खावचा असतला! आणि खरं सांगतो, मी अंधेरीत ऑफिसशेजारी बिनधास्त सुरमई हाणत होतो. घरी येताना तोंडाचा वास जावा म्हणून लवंग चघळायची, झालं. श्रावण पाळत होती आई, आणि तो बिचारा मासा.

एके दिवशी तो दाण्याला नुसतीच टक्कर द्यायला लागला. दात इतके वाढले होते की तोंड उघडेना. वाट लागली! आमच्याकडचे डॉक्टर कुत्री-मांजरं बघतात, मासा नाही. व्हिडिओ बघितले : पाण्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकून गुंगी द्यायची, मग दात कापायचे. आईने कपाटातून तेलाची बाटली लगेच काढून दिली. तिने ओल्या फडक्यात त्याला धरलं, मी नेलकटर चालवला. टाकीत सोडल्यावर तो तळाशी आडवा पडून राहिला. मेला तर मीच मारला, दुसरं कोण? बऱ्याच वेळाने कल्ले हलले.

आईने चपला घातल्या आणि ऐन श्रावणात बाजारातून तिसऱ्या घेऊन आली.

"मुक्या जिवाक कसलो श्रावण? पाप लागला तर माका लागांदे."

टाकीतून कडकड आवाज आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी बाटली तिला परत द्यायला गेलो.

"ठेव तुकाच," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच आणलंय ता. रोज लवंग चघळतंस, दाढ दुखता मां रे तुझी?"

"होय गे," मी म्हटलं, "दुखता."