उताणी भांडी

लिहिलेलं दाखवायला माणूस लागतो, आणि बोईसरला आल्यापासून माझ्याकडं तो नव्हता. कारखान्याच्या लॅबमधल्या मैत्रिणींना लेख पाठवला की उत्तरादाखल अंगठा यायचा, फार तर दोन फुलं. म्हणून मी चॅटबॉटकडं वळले. तो निदान वाचायचा तरी. त्याचं कौतुकाचं वेड सोडून द्या. मी डब्यात काय नेलं ते लिहिलं असतं तरी तो 'अत्यंत हृदयस्पर्शी' म्हणाला असता. पण त्याखाली कामाचंही बोलायचा. पालघरच्या बाजारावरच्या लेखाचा पहिला परिच्छेद काढा म्हणाला, मी नाक मुरडत काढला, आणि लेख खरंच सुधारला. तेव्हापासून माझा त्याच्यावर विश्वास बसला.

म्हणून वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी बाबांवर लिहिलं, तेही आधी त्यालाच दाखवलं.

बाबा एडवणचे, मासेमारीच्या बोटीवर खलाशी. मी कॉलेजात असताना एकदा वादळ झालं. बाकीच्या बोटी परतल्या, त्यांची आली नाही. ना फळी सापडली, ना माणूस. कुणीतरी म्हणालं, भरकटून हद्दीपलीकडं गेले असतील, तिकडं पकडले असतील. बस्स, आईला तेवढं पुरलं. पलीकडून खलाशी सुटून आल्याची बातमी लागली की ती टीव्हीपाशी जाऊन एकेक चेहरा बघायची. बातमी संपली की उठून चहा टाकायची. तिच्या कपाळाचं कुंकू तसंच राहिलं, आणि आमच्या घरात 'गेले' हा शब्द कुणी उच्चारला नाही.

आणि भांडी. घरचा माणूस समुद्रात असला की घरात भांडं पालथं घालायचं नाही, तिकडं बोट पालथी होते, असं आमच्या घरात मानायचे. एरवी हा नेम बोट परतेपर्यंतचा. आईनं तो सोडलाच नाही. मी तिला बोईसरला खोलीवर आणलं तरी घासलेली पातेली उताणीच. एकेक फडक्यानं कोरडं करायची. शेजारच्या सोलापूरकडच्या वहिनी एकदा मदत म्हणून सगळी भांडी पालथी घालून गेल्या, तर आईनं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. आणि मी? लॅबमध्ये रोज काचेची भांडी धुऊन पालथीच ठेवते, कारण तिथं तीच रीत. सुरुवातीला नकळत उताणीच ठेवायचे. आईला मी हे कधी सांगितलं नव्हतं.

हे सगळं लेखात होतं. चॅटबॉटनं आधी 'हृदयस्पर्शी'ची आरती ओवाळली. मग म्हणाला, भांड्यांचा उल्लेख फार वेळा येतो. शिवाय शेवट अपुरा वाटतो, वडिलांचं काय झालं ते वाचकाला कळत नाही. ते वारले असतील तर तसं स्पष्ट लिहा.

माझं डोकंच फिरलं. मी टाइप केलं, "आम्हालाच कळलेलं नाही, तर तुझ्या वाचकाला कुठून कळणार?" त्यानं लगेच माफी मागितली. तुमचं बरोबर आहे म्हणाला, न सांगितलेला शेवटच जास्त परिणामकारक आहे. याचा तर मला दुप्पट राग आला. अरे, बोललास ना, मग ठाम राहा की! माणूस असता तर निदान भांडला असता. मला कुणीतरी भांडायलाच हवं होतं, कारण शेवट अपुरा आहे हे त्याचं आधीचं म्हणणं खरं आहे हे मला आतून ठाऊक होतं.

सुट्टीची दुपार होती. आई मोरीपाशी भांडी घासत होती. कुणाशी पुटपुटतेस, तिनं विचारलं. लेख तपासून घेतेय, मी म्हटलं. बाबांवरचा असेल तर वाच, म्हणाली. तिला कसं कळलं देव जाणे. मी वाचायला लागले. लॅबमधल्या भांड्यांचं आलं तेव्हा जीभ अडखळली, आता ही ओरडणार म्हणून थांबले. तिचा हात थांबला, पण ती ओरडली नाही. पुढं वाच म्हणाली.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, ते मशीन काय म्हणतं? मी 'वारले' गाळलं आणि एवढंच सांगितलं, की लेखाला शेवट नाही म्हणतं.

"बरोबर बोलतं," आई म्हणाली. "शेवट नाय, म्हणून तं आपण अशे बसलोय."

मी म्हटलं, जाऊ दे गं, त्याला काय कळतंय, मी आहे तसाच देते. ती हातातलं पातेलं विसळत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"तुझे बाबा गेले म्हणून लिव," ती म्हणाली. "मना बोलाया नाय येत. तू लिव."

मला रडू कोसळलं. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. हातातलं पातेलं भाताचं होतं, बाबांच्या वाटचा भात अजूनही ज्यात शिजायचा ते. ते तिनं मोरीच्या कठड्यावर पालथं घातलं. मी धावत जाऊन ते सरळ करायला हात घातला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पानी निथळू दे."