आईच्या दातातली चांदी

आई साड्यांना फॉल लावते आणि दोरा दाताने तोडते. कात्री शेजारीच असते, पण तिचा हात तिकडे जात नाही. परवा तिच्या दातात भरलेल्या चांदीची कड निघाली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पहिली पगाराची नोकरीही माझी. मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि मोठ्या हौसेने सांगितलं, "जुनं सगळं काढा, नवीन पांढरं भरा."

डॉक्टरबाईंनी दात नीट पाहिला. "आत कीड नाही. बाकीची चांदी घट्ट आहे, कडच तेवढी भरली तरी चालेल. सगळं काढताना थोडा चांगला दातही खरवडला जातो, आणि हा आधीच पातळ झालाय. कदाचित टिकणार नाही. काकू, याने काय तोडता?"

"काही नाही," आई म्हणाली.

"दोरा," मी म्हणालो.

"चुगलखोर मेला," ती पुटपुटली.

नोकरी लागल्यापासून तिला सगळं नवं द्यावं असं मला वाटत आलंय. जुनं शिलाई मशीन मात्र तिने बदलू दिलं नाही. मला तो हट्ट वाटला होता. पण बरीच वर्षं वापरलेल्या वस्तूत माणूसही थोडा रुजलेला असतो. ती उपटताना त्याचाही कण निघत असेल.

"तू सांग बाबा, तू शिकलास," आई म्हणाली. खुर्चीची कड तिने घट्ट धरली होती.

"कडच भरा, डॉक्टर," मी म्हणालो.

तिची बोटं सैल झाली.