ओळंब्याची सावली

मुलाणी सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी निमोण्याला माहेरी होते. भावाच्या अंगणात कांद्याची प्रतवारी चालली होती आणि मीही एका कडेला बसून हाताला येतील ते कांदे निवडत होते. फोनवर सरांचा मुलगा इरफान होता. "बाई, अब्बा गेले. असरच्या नमाजनंतर नेणार आहोत," एवढंच तो म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला. त्याला अजून पुष्कळांना कळवायचं असणार. असरची नमाज म्हणजे दुपार उलटल्यावरची, हे मला सरांच्या शेजारी बसून बसून पाठ झालेलं होतं. भावानं माझ्या तोंडाकडे बघितलं, हात झटकले. "दौंडचे सर का? चल, गाडी काढतो. मातीला वेळ न्हाई लावत ते लोक," म्हणाला. भीमेचा पूल ओलांडून दौंडात शिरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चेहरा बघायला मिळाला. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून सगळे पुरुष निघून गेल्यावर मी सरांच्या बायकोजवळ, भाभींजवळ बसून राहिले. त्या रडत नव्हत्या. मधेच म्हणाल्या, "बाई, तुम्ही जेवला नसाल..."

त्याला आता काही आठवडे झाले. सरांबद्दल लिहायचं तर कुठून धरायचं, हे तेव्हापासून मनात चालू आहे. आम्ही दोघं दौंडच्या एकाच शाळेत नोकरीला लागलो आणि थोड्याच अंतरानं निवृत्त झालो. ते विज्ञान शिकवायचे, मी गणित. शिक्षक-खोलीत टेबलं शेजारी शेजारी. त्यांचे वडील रेल्वेत लोको शेडला फिटर होते, त्यामुळे सरांचं बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेलं. मी शेतकऱ्याघरची. घरात उपासतापास, देवदेव सगळं होतं. माझं मात्र कॉलेजात असतानाच ते सुटलं. भांडून नाही, सवय गेली इतकंच. त्यामुळे वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवून आलेला माणूस मधल्या सुट्टीत टोपी घालून नमाजला जातो, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. एकदा मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही वर्गात सिद्धता लिहिता, आणि घरी पोराला ताप आला की थर्मामीटर लावायच्या आधी कपाळाला हात लावता. दोन्ही तुम्हीच ना?" मला ते उत्तर पटलं नाही आणि मी तसं सांगितलंही. हाताला वाटलेला ताप थर्मामीटरवर पडताळून बघता येतो, तुमच्या नमाजचं काय पडताळणार? सरांनी थोडा विचार केला, "हे बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि खडू घेऊन तासाला निघून गेले. आमचा वाद तिथून सुरू झाला तो त्यांच्या शेवटच्या आजारापर्यंत पुरला. पण समोरच्याचा मुद्दा खरा असेल तर तो लगेच मान्य करून टाकायची त्यांची ही रीत मला त्या पहिल्या दिवशीच आवडली होती.

धर्मात सगळं विज्ञान आधीपासूनच आहे, असं सांगणारे लोक शाळेत अधूनमधून यायचे. कधी आमच्यातले, कधी त्यांच्यातले. एकदा त्यांच्या ओळखीतला एक शिकलेला तरुण छापील पत्रकं घेऊन आला, मुलांना वाटायची म्हणून. आपल्या ग्रंथात अमुक शोध आधीच सांगून ठेवलाय, असं त्यात होतं. सरांनी ते पूर्ण वाचलं आणि परत दिलं. म्हणाले, "विज्ञानाची पुस्तकं बदलत राहतात, बेटा. चूक सापडली की ती बदलतात म्हणूनच मी ती शिकवतो. आज तू विज्ञानाच्या खांबाला आपला ग्रंथ बांधलास, आणि उद्या लोकांनी खांब हलवला, तर काय करशील?" त्या मुलाला राग आला. पुढे बरेच दिवस तो सरांना सलाम करत नव्हता.

सरांची खरी कसोटी लागली ती त्यांच्या मोहल्ल्यातल्या मशिदीवरून. मशीद लहानशी. सरांच्या वडिलांनी आणि त्यांच्या रेल्वेतल्या जोडीदारांनी सुट्टीच्या दिवशी राबून बांधलेली. मुसलमान नमाज पढतात ती मक्केकडे तोंड करून. त्या दिशेला किब्ला म्हणतात. मशिदीची समोरची भिंत त्या हिशेबानं घेतात. ही भिंत सरांच्या वडिलांनी आखली होती. पुढे छप्पर काढून स्लॅब टाकला आणि फरशी बसवायची वेळ आली, तेव्हा कामावरून आलेल्या पोरांपैकी कुणीतरी मोबाईल काढला. किब्ला दाखवणारं ॲप असतं म्हणे. त्यात भिंत वाकडी निघाली. झालं. पोरं म्हणायला लागली, फरशी बसायच्या आत नमाजला उभं राहायच्या ओळी बदला. म्हातारी माणसं म्हणाली, हात लावायचा नाही. एका शुक्रवारी काही पोरं नमाजला मुद्दाम तिरकी उभी राहिली आणि एकाच मशिदीत एकाच वेळी दोन दिशांना तोंडं झाली. त्यानंतर काही म्हातारे यायचेच बंद झाले. एका घरात तर बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलेनात.

सरांनी आधी पोरांना घेतलं. सगळ्यांना आपापले मोबाईल मशिदीत वेगवेगळ्या जागी धरायला लावले. खांबाजवळ एक दिशा, मधोमध दुसरी, बाहेर अंगणात तिसरी. एकाचा किब्ला तर रेल्वे स्टेशनकडे निघाला. खांबात सळया आहेत, लोखंडाजवळ मोबाईलमधलं होकायंत्र फसतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. "तुमचं म्हणणं खरं असेलही. पण पुरावा कच्चा आहे," असं ते पोरांना म्हणाले. म्हाताऱ्यांना ते ऐकून बरं वाटलं. पण सर तिथं थांबले नाहीत. मग नीट मोजू या, म्हणाले. तेव्हा हाजीचाचा उठले. हे सरांच्या वडिलांचे सोबती, मशिदीच्या पायात त्यांनीही दगड भरलेले. ते म्हणाले, "मोजून काय करायचं, युसूफ? तुझ्या बापानं आखलेली रेघ हाय ती."  मग सरांनी मशिदीच्या मौलानांच्या समोर दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. जे निघेल ते मान्य करायचं, आणि हे मोजायच्या आधी ठरवायचं, नंतर नाही.

मोजायची रीत त्यांनी मला शिक्षक-खोलीत कागदावर काढून दाखवली. मे महिन्याच्या शेवटी एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य मक्केच्या बरोबर डोक्यावर असतो. आपल्याकडे तेव्हा तीन वाजत आलेले असतात. त्या क्षणी इथे खाली वजन बांधून सोडलेल्या ओळंब्याच्या दोरीची जी सावली पडते, तिच्या नेमक्या उलट दिशेला मक्का. लोखंडाचा संबंध नाही, मोबाईलचा नाही. मला गणित म्हणून ते इतकं सुंदर वाटलं की मी कागद ठेवून घेतला. मग त्यांनी मला त्या दिवशी मशिदीत यायला सांगितलं. मी कशाला, असं मी विचारलं. सर कागदाकडेच बघत होते. "सावलीवर खुणा तुम्ही करा. मला माझा भरवसा वाटत नाही. वडिलांची रेघ आहे ती... खडू हातात असला की हात कुठं झुकेल, सांगता येत नाही."

बाई माणूस, त्यातून हिंदू, मशिदीच्या अंगणात कशी, अशी कुजबुज झाली. मौलाना म्हणाले, चपला काढा आणि या. मी शाळेतला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक घेऊन गेले होते. पहिल्या दिवशी आभाळ भरून आलं. वळवाचे ढग, सावलीचा पत्ता नाही. हाजीचाचा म्हणाले, "वरच्याचीच मर्जी न्हाई." सर त्यांना म्हणाले, "चाचा, ढग आहेत नुसते. उद्या बघू. एका दिवसानं फार फरक पडत नाही." दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख होतं. बांबूच्या तीन काठ्यांच्या तिकाटण्याला गवंड्याचा ओळंबा बांधला. वाऱ्यानं हलू नये म्हणून ओळंबा खाली पाण्याच्या बादलीत सोडला. दोन्हीकडची माणसं गोल करून उभी होती. वेळ झाल्यावर इरफाननं हात वर केला. मी सावलीवर दोन टोकांना खुणा केल्या, रेघ जोडली, भिंतीच्या रेघेशी कोन मोजला. दहा-अकरा अंशांचा फरक होता. सगळे सरांकडे बघायला लागले. सर खाली बसले, त्यांनी स्वतः कोनमापक लावून पाहिला. मग मला म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा मोजा." मी मोजला. तोच आला.

सर उठून हाजीचाचांजवळ गेले. "चाचा, अब्बांनी पश्चिम आखली होती. ती पश्चिम अगदी बरोबर आहे, मी तपासलीय. पण मक्का नाकासमोर पश्चिमेला नाही, जरा उत्तरेला आहे. तेवढं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं."

हाजीचाचांनी विचारलं, "मंग येवढ्या वर्साच्या नमाजा कुठं गेल्या?"

"ते माझ्या ओळंब्याला ठाऊक नाही," सर म्हणाले. "ते मौलानांना विचारा."

मौलाना शांत माणूस होता. माणसाला जेवढं कळलं तेवढ्यावर त्यानं मनापासून तोंड वळवलं असेल तर त्याची नमाज झाली, एकही पुन्हा पढायची गरज नाही, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. हाजीचाचा बराच वेळ जमिनीवरच्या रेघेकडे बघत उभे होते. सावली तोवर रेघेवरून सरकून गेली होती. भिंतीला कुणी हात लावला नाही. फरशीवर ओळी तेवढ्या तिरक्या आखल्या. पुढच्या शुक्रवारी हाजीचाचा पहिल्या ओळीत उभे राहिले, नव्या रेघेवर, असं इरफाननं मला सांगितलं. त्या दिवशी मशिदीतून परत येताना मात्र सर चालता चालता थांबले आणि म्हणाले, "अब्बांची रेघ बरोबर निघावी असं मला फार वाटत होतं, बाई." 

निवृत्तीनंतर त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. डेमू गाडीनं पुण्याला जायचे, केमो घेऊन परत यायचे. त्यांची थोरली बहीण कोरेगाव भीमाला असते. ती एका बाबाकडून मंतरलेलं पाणी बाटलीत भरून आणायची आणि सर ते प्यायचे. मी चिडले. सर म्हणाले, "आपाला बरं वाटतं. मी केमोची तारीख चुकवलीय का एकदा तरी?" चुकवली नव्हती. पण काही महिन्यांनी औषध लागू पडेनासं झालं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आणि आपा म्हणायला लागल्या की बघा, तुमच्या डॉक्टरीनं काय केलं. त्याच सुमारास मी निमोण्याला गेले होते. देवळावरून जाता जाता आत शिरले, आणि सर बरे झाले तर नारळ वाढवीन असं बोलून बसले. मी, जिनं आयुष्यात देवाला काही मागितलं नाही. दौंडला आल्यावर मी सरांना ते सांगून टाकलं. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. हसले. "एका नारळात? फार स्वस्तात सोडवत होतात मला."

मग त्यांना धाप लागली, थोडं थांबून बोलले. आपांची समजूत काढून ते दमले होते, मन अजून त्यातच होतं. "डॉक्टरांनी वचन दिलंच नव्हतं, बाई. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, या टप्प्याला थोड्यांना गुण येतो, पुष्कळांना येत नाही. मी पुष्कळांमध्ये आलो. अंदाज बरोबर निघाला की त्यांचा... त्याला फसवणूक कसं म्हणायचं?"

मी विचारलं, "आणि दुवा? रोज मागताय ना?"

ते म्हणाले, "मागतो. तिचं काय होतं, ते मला मोजता येत नाही. म्हणून वर्गात कधी बोललो नाही त्यावर. पण मागितली की मन जाग्यावर येतं, हे मला माहीत आहे. तेवढंच सांगू शकतो तुम्हाला." आमच्या इतक्या वर्षांच्या वादाचा हा शेवट. पटलं असं म्हणणार नाही. पण या वेळी मी उलटून काही विचारलं नाही.

परवा चाळिसाव्याला गेले होते. जेवणं उरकली, माणसं पांगली. भाभी आत चहा टाकत होत्या आणि मी सरांच्या खोलीत एकटीच बसले होते. पलंग काढून टाकलेला. शेवटी शेवटी खाली बसवत नव्हतं, म्हणून ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नमाज पढायचे. ती खुर्ची होती. खोलीच्या मधोमध, भिंतीला तिरकी. बेंच सरळ करायची मास्तरकीतली सवय. मी उठले आणि खुर्ची भिंतीला काटकोनात लावून ठेवली. भाभी चहा घेऊन आल्या, खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "झाडणारी बाई पण रोज अशीच सरळ करून जाते." मग चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मी परत लावते."

"थांबा," मी म्हटलं. कप खिडकीत ठेवला आणि खुर्ची पुन्हा होती तशी फिरवली. थोडी जास्त फिरली असं वाटलं, म्हणून जराशी मागे घेतली.