ब्रेक उजव्या पायाला

मुलीच्या साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी मी लग्नाच्या कामांची यादी केली. मंडप, आचारी, बस्ता, पत्रिका, वऱ्हाडाची उतरण्याची सोय. काम झालं की पुढे खूण करायची. जिनिंगच्या कारखान्यात सुपरवायझर असल्यामुळे ही सवय अंगात मुरलेली. यादीतलं शेवटचं काम मात्र मुलाकडच्यांनी घातलेलं होतं. मोटरसायकल. तीही साधी नाही, तरुण पोरं पळवतात ती, जपानी बनावटीची. रंग लाल. आणि लग्नाआधीच हवी, कारण नवरदेवाला तिच्यावरूनच पत्रिका वाटत फिरायचं होतं.

जळगावात लाल मिळेना. धुळ्याला एका दुकानात एक शिल्लक होती. व्याही रावेरचे, केळीचे बागायतदार. त्यांनी निरोप न पाठवता स्वतः येऊन सांगितलं, "नाना, ट्रकात घालू नका, घासली जाते. चालवतच आना. जावयानं स्वतः आनाले जानं बरं दिसत नाही."

मागणं बरं दिसत होतं, आणणं तेवढं दिसत नव्हतं. मी तोंडाने "बरं" म्हणालो.

माझी स्वतःची फटफटी मी या खरेदीसाठी विकून टाकली होती. जड, काळी, धडधडत चालणारी गाडी. तिच्यावर खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसून मी निम्म्या जिल्ह्याचा कापूस पाहून आलो होतो. बैलगाडीच्या मागे लागली तरी ती शेवटच्या गियरमध्ये निवांत चालायची, घाई म्हणून नाही. तिचा गियर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या.

धुळ्याच्या दुकानातला मेकॅनिक गाडी पुसता पुसता म्हणाला, "भाऊ, आते उजवा पायले ब्रेक शे, डावाले गियर. बठ्ठं उलटं शे. ध्यान ठेवा."

ध्यान मी ठेवलंच होतं, पण पाय ऐकतात थोडेच. देवपूरच्या वस्तीतून बाहेर पडेपर्यंत मी दोनदा ब्रेक समजून गियर दाबला. गाडी किंचाळून पुढे हिसका द्यायची आणि रिक्षावाले हसायचे. "आबा, पोरानी गाडी लई उनात का?" पोराची गाडी पळवून आणली का, असं एकाने विचारलंही.

पुढे पारोळ्यापर्यंत मी त्या गाडीला जेवढं बोललो तेवढं आयुष्यात कुठल्या मुकादमाला बोललो नसेन. हँडल इतकं खाली की निंदणीला बसल्यासारखं वाकायचं. पाय मागे दुमडलेले, सगळं वजन मनगटांवर, आणि रस्ता पाहायचा तर मान कासवासारखी वर काढायची. हळू चालवली की इंजिन खोकतं. जरा मूठ पिळली की पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटावा तसा आवाज, आणि गाडी अशी उसळते की पोटातलं पाणी हलतं. मागून निळा धूर. जळक्या ऑइलचा तो वास शर्टाला, केसांना, एरंडोलला घेतलेल्या चहालासुद्धा लागला. ट्रक शेजारून गेला की गाडी रस्त्याच्या कडेला सरकायची. जळगावला उतरलो तेव्हा बोटं सरळ होत नव्हती. बायको म्हणाली, "तोंड का असं केलंय? कुणी मेल्यासारखं?"

"वाकून वाकून तोंडाचा आकार बदलला," मी म्हटलं.

सकाळी तिने गाडीला हार घातला, कुंकू लावलं. भुसावळ, सावदा करत मी रावेरला निघालो. केळीचे ट्रक भरण्याची वेळ, त्यामुळे रस्ताभर पानांचा चोथा पडलेला. त्यावर ती बारीक चाकं कशी धरतील याचा भरवसा नव्हता. तरी पोचलो.

व्याह्यांच्या वाड्याचं फाटक उघडं होतं. ओट्यावर भाऊबंद जमलेले, नवरदेव नव्या सदऱ्यात, आणि त्याची आत्या औक्षणाचं ताट घेऊन उभी. सगळ्यांच्या नजरा गाडीवर. इतक्या लोकांसमोर व्यवस्थित थांबावं म्हणून मी ब्रेक दाबला. डाव्या पायाने.

गाडी ओरडली, उसळली आणि उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाऊन आदळली. मी खाली, एक पाय गाडीखाली.

नवरदेव सगळ्यांत आधी धावला. मला बरं वाटलं, मुलगा चपळ आहे. त्याने गाडी उचलली, चावी बंद केली, खिशातून रुमाल काढला आणि पेट्रोलची टाकी पुसायला लागला.

"टाकीले पोचा पडला का रे?" ओट्यावरून व्याह्यांनी विचारलं.

"नाही बाबा. पन समोरचा इंडिकेटर गेला. आरसाबी."

"बापरे. आरसा फुटला?"

मी उठून पायरीवर बसलो. कोपर सोललं होतं, रक्त बाहीतून खाली येत होतं. आत्याबाई माझ्याजवळून पुढे गेल्या आणि त्यांनी गाडीला ओवाळलं. दिवा गाडीभोवती फिरला, अक्षता गाडीवर पडल्या. त्यातल्या काही माझ्या गुडघ्यावर आल्या. मी त्या झटकून टाकल्या.

"नाना," व्याही खाली येऊन म्हणाले, "जमत नव्हतं तं टेम्पोत टाकून आनाची होती."

"ट्रकात घालू नका, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"आता ते जाऊ द्या. फुटक्या आरशाची गाडी शुभकार्यात दारात नको. अपशकुन असतो. ही घेऊन जा, दुसरी आना."

"घेऊन जाऊ?"

"हो, आताच न्या. पत्रिका वाटाच्या राहिल्या ना."

नवरदेव म्हणाला, "मामा, लालच आना बरं का."

कागदपत्रं अजून माझ्या नावावर होती, नाव लग्नानंतर बदलायचं ठरलं होतं. मी किक मारली. पाणी कुणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही.

तापीच्या पुलाआधी एका टपरीवर थांबून कोपर धुतलं. हँडलवरचा हार चुरगळून लोंबत होता, तो काढून बाजूच्या बकरीपुढे टाकला. मग डोक्यात नवी यादी केली. मंडपवाला, आचारी, धर्मशाळा, यांना कळवणे. बस्त्यातल्या साड्या राहू देणे, घरात लागतात. यादी होत गेली तसतसं हलकं वाटत गेलं. एकच काम माझ्या हातातलं नव्हतं. मुलीला विचारणे.

ती दारातच होती. गाडीकडे तिने पाहिलंही नाही. "बाबा, हाताला काय झालं?"

ओट्यावर बसवून तिने टिंक्चर लावलं. मी जे घडलं ते क्रमाने सांगितलं, काही गाळलं नाही. दुसरी गाडी आणायची नाही, हे माझं मत म्हणून सांगितलं. बायको आतून म्हणाली, "गाडीवरून लग्न मोडलं म्हणतील लोक."

"बरोबरच म्हणतील. गाडीवरूनच मोडतंय." मग मुलीला विचारलं, "तुझं काय? तू म्हणालीस तर आणतो."

ती कापूस बाटलीवर दाबत राहिली. "साखरपुड्याला ते माझ्याशी दोनदा बोलले," ती म्हणाली. "एकदा विचारलं, गाडी कधी येणार. दुसऱ्यांदा म्हणाले, काळी नको."

"मग?"

"मग काय? छापलेल्या पत्रिका मागून कोऱ्या आहेत. मला टायपिंगच्या सरावाला होतील."

दुकानदार फुटकी गाडी परत घेईना, जुनी फटफटी विकलेली. तेव्हा तीच वापरणं भाग होतं. मी इंडिकेटर आणि आरसा बसवून घेतला आणि कामावर न्यायला लागलो. कारखान्यातले म्हणायचे, "नाना, जावयाची गाडी जोरात आहे." मी म्हणायचो, "जावई नाही, नुसती गाडी आहे." अनेक वर्षं वापरली. तिचं हँडल, तिचा धूर, ते पाय मागे दुमडून बसणं, काही म्हणता काही मला आवडलं नाही, आणि धुतली की टाकीवर त्या नवरदेवाचा रुमाल फिरताना दिसायचा.

सकाळी मुलगी मागे बसायची, टायपिंगच्या क्लासला. आडवं बसायला ती गाडी फार वाईट, सीट उतरती, ती सारखी माझ्यावर घसरायची. रेल्वे फाटक दिसलं की माझा डावा पाय हलायला लागायचा, आणि त्याआधीच ती माझा उजवा खांदा दाबून म्हणायची, "बाबा, हा."