सायलेन्सरचे बोल्ट

काल शेजारच्या गॅरेजातून गंजावर ओतलेल्या रॉकेलचा वास आला आणि राहनाळच्या आमच्या घराच्या अंगणात गाडीखाली आडवे झालेले बाबा आठवले.

तेव्हा दुसऱ्या दिवशी ठाण्यात आईचं ऑपरेशन होतं. गाडीचा सायलेन्सर फुटला होता आणि नवा बसवायला जुन्याचे बोल्टच निघत नव्हते. सकाळपासून बाबा रॉकेल ओतत होते, हातोडीने ठोकत होते. पाना सटकून बोटं सोलली होती, डोळ्यांत गंज गेला होता. मी मदतीला वाकले, तर खेकसले, "तू बाजूला हो!" शेवटी सगळा जोर लावला, तर बोल्ट तुटलाच. बाहेर येऊन त्यांनी पाना भिंतीवर भिरकावला.

आई ओट्यावरून म्हणाली, "अवो, ऱ्हाऊ द्या. रिक्षानं जाऊ."

"न्हाय. रिक्षात तुला धक्के बसतील," म्हणत ते पुन्हा गाडीखाली शिरले.

त्या हट्टाचा मला तेव्हा संतापच आला. आता वाटतं, आईसाठी करण्यासारखं त्यांच्या हातात तेवढंच होतं, आणि तेही होत नव्हतं.

सकाळी गाडी तशीच गरजत कशेळीच्या पुलावरून गेली. लोक वळून बघत होते. मागे आई कानांवर हात ठेवून हसत होती आणि बाबा एकेक खड्डा चुकवत होते. ऑपरेशन नीट झालं. परतताना आईनेच रिक्षा नको म्हटलं.